स्लॅब मृगाच्या आधी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



या भाषणासाठी मला निरोप आला तेव्हा केंद्रावरच्या मंडळींची कल्पना अशी होती, की मी कवितेवर बोलेन. मी म्हटलं, कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत, मला बांधकामावर बोलू द्या. फोनवर पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग मला खुलासा करावा लागला. कविता मी रात्री लिहितो. दिवसा, गेली तीस वर्षं, मी एका सरकारी ठेकेदाराच्या कचेरीत कारकून आहे. मराठी घेऊन बी. ए. झालो आणि नोकरी मिळाली ती सिमेंटची पोती मोजायची. माझे अब्बा मिरजेतले गवंडी. त्यांनी जन्मभर भिंती उभ्या केल्या आणि मी तसल्या भिंतींची बिलं लिहिली. तेव्हा बांधकाम वेळेत का होत नाही आणि पैसे का पुरत नाहीत, यावर बोलण्याचा माझा थोडाफार हक्क आहे. शिवाय हे सगळं डोळ्यांदेखत पाहूनही माझं स्वतःचं घर दहा महिने रखडलं आणि साडेतीन लाखांनी महागलं. म्हणजे मी अनुभवी आहे, असं म्हणायला हरकत नाही.

'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो. म्हणणारा पुढं काही सांगत नाही, नुसता उसासा टाकतो. मी आज त्या उसाशाचा हिशेब मांडणार आहे.

आधी कचेरीतलं सांगतो. आमच्याकडं तीन वह्या महत्त्वाच्या. एक हजेरीपट, दुसरी मालाच्या आवक-जावकीची, आणि तिसरी सरकारी, मोजमाप पुस्तक. तिला सगळे एम. बी. म्हणतात. काम किती झालं ते इंजिनियर टेप लावून मोजतात, त्या पुस्तकात लिहितात, त्यावरून चालू बिल निघतं. बिलातून अनामत कापली जाते. उरलेली रक्कम कधी हातात पडेल हे सांगायला ज्योतिषी लागतो. मार्चअखेरीला येईल, नाही तर पुढच्या मार्चअखेरीला. पण मजुराचा पगार दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी. संध्याकाळी पाच वाजता बायका कडेवर पोर घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेल्या असतात. त्यांना 'बिल निघालं नाही' असं सांगून चालत नाही. त्यांची चूल बिलावर पेटत नसते.

मग ठेकेदार काय करतो? नव्या कामाची आगाऊ रक्कम जुन्या कामाच्या मजुरीला लावतो. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. एका कामाच्या पैशात तीन कामं उघडली, की तिन्ही अर्धी राहतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पैसा नाही म्हणून काम अडलं. माझ्या वह्या सांगतात, पैसा बहुतेक वेळा असतो. तो हव्या त्या तारखेला नसतो. ही गोष्ट ठेकेदाराच्या बाबतीत जितकी खरी, तितकीच घर बांधणाऱ्या शिक्षकाच्या आणि धरण बांधणाऱ्या सरकारच्याही.

धरणाचं निघालं म्हणून सांगतो. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द प्रकल्पाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. मूळ अंदाज ३७२ कोटी रुपयांचा होता. पुढं तो सुधारत सुधारत अठरा हजार कोटींच्या वर गेला, आणि तीस वर्षांनंतरही कालव्यांची कामं चालूच होती. भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीची परवानगी, तुकड्यातुकड्यानं येणारा निधी, अशी कारणांची मोठी यादी आहे. गैरव्यवहाराच्या चौकशा झाल्या त्या वेगळ्याच. अशा वेळी महागाईचं कारण हमखास पुढं केलं जातं. पण महागाई काही त्या धरणावर एकदम चाल करून आली नाही. काम लांबलं म्हणून ते महागाईच्या तावडीत सापडलं. मुंबईच्या वांद्रे-वरळी सागरी सेतूचं तेच झालं. १९९९ मध्ये पायाभरणी झाली तेव्हा साधारण ६६० कोटी आणि पाच वर्षं, असा बेत होता. पूल खुला झाला ३० जून २००९ ला आणि खर्च गेला १६०० कोटींच्या घरात. मधे कोर्टकचेऱ्या झाल्या, आराखडा बदलला. बदललेला आराखडा ही फार खर्चिक गोष्ट आहे. तिच्याकडं मी पुन्हा येणार आहे, कारण त्या बाबतीत माझा हात कुणी धरणार नाही.

आता माझं घर. मिरजेत दीड गुंठा जागा, त्यावर ९०० चौरस फुटांचं बांधकाम. माल आमचा आणि मजुरी मिस्त्रीची, असा ठराव. सगळं मिळून अंदाज ११ लाख ७० हजारांचा. बँकेचं कर्ज ८ लाख, माझी शिल्लक २ लाख आणि थोरल्या बहिणीनं, आपानं, दिलेले २ लाख. आपाचे पैसे तिच्या मुलीच्या लग्नाचे होते. लग्न फेब्रुवारी २०१७ मध्ये करायचं ठरत होतं. मी तिला सांगितलं, दिवाळीला घर पुरं होतंय, बँकेचा शेवटचा हप्ता आला की तुझे पैसे तुला. ती म्हणाली, तुझ्या तोंडावर भरवसा आहे, कागद नको. जानेवारी २०१६ मध्ये आम्ही पाया काढला.

अब्बांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. हातातली थापी सुटून दहा वर्षं झाली होती. रोज सकाळी ते प्लॉटवर यायचे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि काठीच्या टोकानं विटा वाजवून पाहायचे. सगळा जन्म त्यांनी दोन भाड्याच्या खोल्यांत काढला होता. मिस्त्री त्यांना चाचा म्हणायचे आणि जरा बिचकून असायचे.

अब्बांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी एक खड्डा मारून बघा. आमच्या कृष्णाकाठची काळी माती उसाला आई आणि घराला सावत्र आई. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगा पडतात, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. म्हणून काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं. मुरूम किती खोल आहे हे दोन मजूर एका दिवसात खणून सांगतात. मी म्हटलं, शेजारच्यांना पाच फुटांवर लागलाय, आपल्यालाही लागेल. अंदाजात पाच फूट धरले. मुरूम लागला नऊ फुटांवर. शेजारच्या प्लॉटमधून पूर्वी ओढा गेलेला नसेल, आमच्यातून गेला असेल. जमिनीला शेजारधर्म माहीत नसतो. तीन आठवडे गेले आणि ६० हजार जादा लागले. दोन मजुरांची एक दिवसाची मजुरी मी वाचवली होती.

यात एक गोष्ट मात्र नीट झाली, ती सांगायलाच हवी. त्या वर्षी दुष्काळ होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, ते पुष्कळांना आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. स्टेशनवर बघायला गर्दी झाली होती. आणि इकडं आमचे कॉलम पाणी मागत होते. काँक्रीटला निदान आठवडाभर तरी ओलं ठेवावंच लागतं, नाही तर आतून कच्चं राहतं. नळीनं पाणी उडवायला हात धजेना. अब्बांनी कॉलमना बारदान गुंडाळायला लावलं, वरून सुतळी. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तांबे पाणी. बारदान ओलं राहायचं आणि कॉलमही. निम्म्याहून कमी पाण्यात काम झालं. म्हणाले, "पानी जास्ती नको, वक्तपर होना." आमच्या घरात मराठी आणि दख्खनी अशी एकात एक मिसळलेली असते. पैशाचंही हेच सूत्र आहे, हे माझ्या डोक्यात मात्र पुढं सहा महिन्यांनी शिरलं.

खरी गोष्ट स्लॅबची. अब्बांचं एकच टुमणं होतं, स्लॅब मृगाच्या आधी. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमाराला लागतं. मेअखेर स्लॅब पडला, की खाली टेकू उभे ठेवून चौदा ते एकवीस दिवस थांबायचं, वर पाऊस आला तर उलट चांगलं, फुकटचं पाणी मिळतं. मग पावसाळाभर स्लॅबखाली कोरड्यात भिंती चढवता येतात. स्लॅब चुकला तर पावसाळा चुकला. अडाणी माणसालाही कळावं इतकं हे सरळ आहे. आमच्या कचेरीतले तरुण इंजिनियर भिंतीवर रंगीत पट्ट्यांचा तक्ता लावतात आणि त्यातली एक साखळी लाल पेन्सिलीनं ओढतात. म्हणतात, या साखळीतलं एक काम एक दिवस लांबलं तर सगळी इमारत एक दिवस लांबते. बाकीची कामं थोडी मागंपुढं झाली तरी चालतात. ही पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या शेवटी निघाली. अब्बांना ती ठाऊक नव्हती, पण लाल पेन्सिल त्यांच्या डोक्यात होती.

आमची साखळी कुठं तुटली बघा. स्लॅबसाठी सळई घ्यायची होती. सळईचे पैसे बँकेच्या दुसऱ्या हप्त्यातून येणार होते. हप्ता मिळायला इंजिनियरचा दाखला हवा, की कॉलम उभे राहिले. आमचे इंजिनियर घरच्या लग्नासाठी गावी गेले होते. दाखला आठ दिवसांनी मिळाला, हप्ता त्यानंतर बारा दिवसांनी. तुम्ही म्हणाल, दोन लाख शिल्लक होती ना? होती. ती मी फरशीत घातली होती. एका दुकानात सेल लागला होता, चौरस फुटामागं बारा रुपये कमी. तेव्हा ज्या घराला अजून छप्पर नव्हतं, त्या घराची फरशी भाड्याच्या घरात पलंगाखाली रचलेली होती. शिवाय सिमेंटची साठ पोती. ती मी मार्चमध्येच घेतली, भाव वाढणार असं कुणी तरी म्हणालं म्हणून. सिमेंट पडून राहिलं, की तीन महिन्यांत त्याची साधारण पाचवा हिस्सा ताकद जाते असं धरतात. आमची पोती तर जमिनीवर ठेवलेली, खाली फळ्या नव्हत्या. वीस पोत्यांचे दगड झाले. पोतीच मोजून पोट भरणाऱ्या माणसाच्या घरी ही अवस्था!

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीची हकीकत मी पुढं एकदा वाचली. १७ मार्च १९३० ला काम सुरू झालं आणि १ मे १९३१ ला १०२ मजल्यांच्या इमारतीचं उद्घाटन झालं. ४१० दिवस! भर शहरात माल टाकायला जागा नव्हती. त्यामुळं लागेल तेव्हाच माल यायचा, आला की थेट वर जायचा, आणि मजल्यामजल्यावर छोटे रूळ टाकून गाड्यांनी जिथं हवा तिथं पोचायचा. खर्च अंदाजापेक्षा कमी आला. जागतिक मंदीमुळं माल आणि मजुरी स्वस्त होती, हेही खरं. त्या कामावर माणसंही मेली, ते विसरता येत नाही. पण पलंगाखाली फरशी ठेवणाऱ्या माणसानं वाचावी अशीच ती हकीकत आहे.

तर हप्ता आला, सळई आली. तोवर वीस दिवस मिस्त्रींच्या माणसांना आमच्याकडं काम नव्हतं. रिकाम्या हातानं कोण बसेल? त्यांनी दुसरीकडं काम धरलं आणि सेंट्रिंगवाल्यानं आपल्या प्लेटा उचलून तिकडं लावल्या. मी चिडलो. अब्बा म्हणाले, त्यांच्यावर चिडू नको, त्यांनाही बाजार असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्लेटा परत आल्या. त्या वर्षी पाऊस लांबला होता, मोसमी वारे केरळातच ८ जूनला पोचले. म्हणजे देवानं आम्हाला वरचे दहा-बारा दिवस दिले. सळई बांधून झाली. आता सळईच्या जाळीत विजेचे पाइप आणि पंख्याचे डबे बसवायचे, मग काँक्रीट. हे वायरमनचं काम, अर्ध्या दिवसाचं. वायरमन येईना. उद्या येतो, परवा येतो. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी वायरमन आला आणि अकराव्या दिवशी पाऊस. सळई उघड्यावर गंजत राहिली आणि अब्बा छत्री घेऊन तिच्याकडं बघत बसले. बोलले काही नाहीत.

साऱ्या घराच्या खर्चात वायरमनच्या त्या कामाची मजुरी हजार-बाराशे रुपये असेल. मोठ्या रकमांवर आपण डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतो आणि काम अडतं ते बाराशे रुपयांच्या माणसापाशी.

पावसाळ्यात हात रिकामे म्हणून मी दुसरा उद्योग केला, नकाशा बदलला. कवीची खोड. कवितेत ओळ खोडली तर शाईशिवाय काही जात नाही. भिंतीचं तसं नसतं. मला पुस्तकांसाठी भिंतीत कोनाडे हवे झाले. पत्नीला ओटा पूर्वेला हवा झाला. मग खिडकी सरकली, खिडकीबरोबर तुळई बदलली, जिना उलटा झाला, आणि उलट्या जिन्यासाठी ओतलेला एक कॉलम निकामी ठरून शेजारी नवा उभा करावा लागला. प्रत्येक बदल दहा-पंधरा हजारांचा वाटत होता. एकाही बदलाची किंमत मी आधी लिहून घेतली नाही. बेरीज झाली १ लाख १५ हजार.

या बाबतीत मी अगदीच एकटा नाही, एवढाच दिलासा. सिडनीचं ऑपेरा हाऊस तुम्ही चित्रात पाहिलं असेल, शिडांसारखी छपरं असलेलं. १९५९ मध्ये काम सुरू झालं तेव्हा ती छपरं नेमकी कशी उभी करायची हे ठरलेलंच नव्हतं. सरकारला घाई होती, म्हणून खालचा चौथरा आधी सुरू केला. पुढं छपराचं गणित सुटलं तेव्हा चौथऱ्यातले खांब त्या वजनाला पुरेनात, ते पुन्हा करावे लागले. १९६३ पर्यंत ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये व्हायची इमारत १९७३ मध्ये १० कोटी २० लाखांत झाली. वास्तुकार योर्न उत्सोन सरकारशी बेबनाव होऊन १९६६ मध्येच निघून गेले. इमारत आज जगप्रसिद्ध आहे, म्हणून लोक तो उशीर विसरले. माझ्या उलट्या जिन्याला जग बघायला येणार नाही.

स्लॅब अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये पडला, दसरा होऊन गेल्यावर. सकाळी सहाला मिक्सर सुरू झाला तो संध्याकाळी सातपर्यंत. मधे थांबता येत नाही, थांबलं तर सांधा राहतो आणि तिथून पाणी झिरपतं. अब्बा दिवसभर खुर्चीवर. रात्री घरी जाताना म्हणाले, आता छप्पर झालं, बाकी काय, गिलावा.

आणि ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. बँकेतून आठवड्याला २४ हजारच काढता येत होते, तेही रांगेत उभं राहून आणि नोटा असल्या तर. बांधकामाची मजुरी रोखीची. मिस्त्रींची निम्मी माणसं विजापूरकडची, खाती कुणाची नाहीत. ती गावी गेली. भिंती कमरेएवढ्या झाल्या होत्या, तिथं थांबल्या. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अब्बा गेले. शेवटचे आठ दिवस दवाखान्यात होते. मी दिवसा तिथं बसायचो आणि ते विचारायचे, माणसं आली का?

दिवाळीला घर झालं असतं तर, हा हिशेब मी कुणाला सांगत नाही. आज सांगितला.

फेब्रुवारीत आपाच्या मुलीचं लग्न. गिलावा झाल्याशिवाय बँकेचा शेवटचा हप्ता सुटणार नव्हता. आपा एका शब्दानं बोलली नाही, त्यामुळं जास्त लागलं. पत्नीनं बांगड्या काढून दिल्या, त्या गहाण ठेवून मी दोन लाख उभे केले आणि लग्नाच्या पंधरा दिवस आधी आपाकडं पोचते केले.

जानेवारीत, काम पुन्हा सुरू करायच्या आधी, मी एक दुरेघी वही घेतली आणि बसलो. कचेरीत दुसऱ्यांसाठी तीस वर्षं करतो ते पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. ई. श्रीधरन यांच्याबद्दल वाचलेलं होतं. कोकण रेल्वेचं महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं आणि रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. डोंगर, बोगदे, नद्या बघता ते अचाटच काम. तरी आधी ठरलेली मुदत त्यांनाही पाळता आली नव्हती. मऊ मातीतले बोगदे खचत होते, गोव्यात मार्गावरून वाद पेटला होता. पुढं दिल्ली मेट्रोच्या कामावर त्यांनी उलटी घड्याळं लावली. किती दिवस झाले ते नाही, किती दिवस उरले ते दाखवणारी. मेट्रोचा पहिला टप्पा मुदतीच्या आधी पुरा झाला. मी घड्याळ कुठून आणणार? कॅलेंडर घेतलं आणि ३१ ऑगस्टपासून मागं मागं आलो. राहायला जायचं तर रंग आधी हवा. रंगाला गिलावा वाळलेला हवा. गिलाव्याच्या आधी भिंतीत विजेच्या आणि नळाच्या खाचा हव्यात. म्हणजे वायरमन अमुक तारखेला हवाच. त्या तारखेच्या आठ दिवस आधी एक फोन, दोन दिवस आधी दुसरा, आणि आदल्या दिवशी मी स्वतः त्याच्या दारात. तो हसायचा. पण यायचा.

त्याच वहीच्या डाव्या पानावर आठवडा, मधे त्या आठवड्यात द्यायचे पैसे, उजवीकडं ते कुठून येणार. उजवी बाजू कोरी दिसली, की महिनाभर आधी कळायचं आणि बँकेकडं किंवा इंजिनियरकडं चक्कर मारता यायची. प्लंबर, सुतार, रंगारी सगळ्यांना झालेल्या कामाचे पैसे शनिवारी चुकते, न झालेल्याचे एक रुपयाही नाही. नकाशात बदल बंद. पत्नीनं एकदा कपाटाचा विषय काढला. मी म्हटलं, किंमत आणि दिवस लिहून सही कर, मग करू. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की तो विषय तिथंच मिटला.

घर ३१ ऑगस्टच्या आधी चार दिवस पुरं झालं. एकूण १५ लाख २० हजार. जादाचे साडेतीन लाख असे गेले : पायात ६० हजार, बदलांत १ लाख १५ हजार, दहा महिन्यांचं जादा घरभाडं ५० हजार, कर्जाचं आणि बांगड्यांवरचं व्याज ४५ हजार, वाया गेलेला माल ३० हजार आणि वाढलेली मजुरी, वाढलेले भाव ५० हजार. यातला नोटाबंदीचा भाग मी वेगळा काढायचा प्रयत्न केला. दोन महिने तिच्या नावावर टाकता येतात. उरलेले आठ आमचे.

ज्यांना घर बांधायचं नाही, फ्लॅट घ्यायचाय, त्यांच्यासाठी दोन शब्द. तिथं ही वही बिल्डरच्या हातात असते, आपल्या नाही. २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात एक कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे, ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करायचे, आणि काम जेवढं झालं त्या प्रमाणातच काढायचे. त्यासाठी वास्तुविशारद, इंजिनियर आणि सनदी लेखापाल यांचे दाखले लागतात. ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर घालू नये म्हणून ही तजवीज. महारेराच्या नोंदणीत प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख दिलेली असते. ती जाहिरातीतल्या तारखेशी ताडून पाहावी. कायदा आला म्हणून रखडलेल्या इमारती एका रात्रीत उभ्या राहिल्या नाहीत, पण विचारायला एक जागा झाली.

राहता राहिली अनामत. सरकारी कामात ठेकेदाराची काही रक्कम काम संपल्यावरही ठरावीक मुदतीपर्यंत अडकवून ठेवतात, दोष निघाला तर त्यानं दुरुस्त करून द्यावा म्हणून. घराच्या ठरावाच्या वेळी अब्बांनी हट्टानं ती अट घालायला लावली होती : एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत मिस्त्रींचे तीस हजार आपल्याकडं. मिस्त्री फार म्हणाले म्हणून मी मधे पडून वीस केले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मिस्त्री पैसे न्यायला आले. आम्ही गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीखाली एका कोपऱ्यात ओल होती, खालच्या खोलीत रुपयाएवढा डाग पडला होता. मी त्यांना तो मागच्या पावसातच फोनवर सांगितला होता. दोन दिवस काम करून त्यांनी तो कोपरा नीट केला, वर पाणी तुंबवून दाखवलं, मग मी पैसे दिले. नोटा मोजून खिशात घालताना ते म्हणाले, "चाचा तीस म्हणत होते. तुम्ही वीस केले. तीस असते, तर मी गेल्या वर्षीच आलो असतो."